आकाशवार्तेचा सांधेवाला

सेलूच्या स्थानकावर गाडीची वाट पाहात बसण्याचा योग आम्हांस वर्षांतून एकदां तरी येतोच. मनमाडहून परभणीमार्गें सिकंदराबादेकडे जाणारा हा लोहमार्ग निजामी अमदानींत पडला. पूर्वीं तो मीटरमापी होता, पुढें रुंदमापी झाला. गेल्या आषाढांत असेच बसलों असतां एका गाडीस वाट देण्यासाठीं दुसरी बाजूच्या रुळावर घेतलेली आम्हीं पाहिली. लोखंडाचें एक पातें वीतभरसुद्धां सरकत नाहीं, आणि हजार माणसें पोटांत घेतलेली गाडी निराळ्या वाटेस लागते! पूर्वीं हा सांधा बदलणारा सांधेवाला ऊनपावसांत उभा राहून दांडा ओढी. आतां तें काम विजेची मोटर करते. परंतु सांध्याचा धर्म बदललेला नाहीं. जी वाट उघडी ती सलग असावी, गाडीस धक्का बसूं नये. आणि जी बंद ती पुरती बंद असावी. यांत कसूर झाली, तर काय अनर्थ ओढवतो तें सांगावयास नकोच.

हा सांधा त्या दिवशीं आमच्या मनांत घोळत राहिला त्याचें कारण असें, कीं त्याच्याच जातीच्या, परंतु तांदुळाच्या दाण्याएवढ्या एका सांध्यावरून आमच्या आप्तांच्या घरीं मोठा वाद माजला होता, आणि त्या वादाचा निवाडा करण्याची कामगिरी आमच्याकडे आली होती. वाद घरगुती असला, तरी त्यांतील विषय प्रत्येक घराच्या गच्चीवर येऊन बसलेला आहे; म्हणून तो वाचकांपुढें मांडण्यास हरकत नाहीं.

सेलूंत आमच्या मावसबंधूंचा वाडा आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब. चूल एक, देवघर एक, पण दूरचित्रवाणीचे संच मात्र चार. माजघरांत आजींचा संच. त्यावर सकाळीं कीर्तन लागलें नाहीं, तर त्यांचा चहा कडू होतो. ओसरीवरच्या संचावर बातम्या, माडीवरच्या संचावर मुलांचें क्रिकेट, आणि मागच्या खोलींत वहिनींच्या मालिका. गच्चीवर तबकड्या दोन : एक आपल्या दूरदर्शनच्या विनाशुल्क सेवेच्या उपग्रहाकडे वळलेली, दुसरी निराळ्या उपग्रहाकडे. प्रत्येक खोलीस हवी तेव्हां हवी ती तबकडी मिळावी, म्हणून बाजारांतून चार लहान डब्या आणून बसविलेल्या होत्या. या डब्या म्हणजेच सांधे. परंतु व्हावयाचें तें झालेंच. माडीवर पहिल्या तबकडीचे कांहीं कार्यक्रम लावले, कीं चित्राचे तुकडे तुकडे होत, आणि ढग दाटून आले म्हणजे तर काळोखच!

बंधूंची मधली कन्या परगांवीं अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत विद्युत्संदेशवहनाचा विषय घेऊन शिकते. सुट्टींत ती घरीं आली, तिनें त्यांतली एक डबी फोडून पाहिली, आणि "याहून चांगली मी करीन," असें म्हणून जुन्या दप्तराच्या खोलींत ठाण मांडलें. दोन महिने डाख देण्याच्या धुराचा वास वाड्यांत दरवळत राहिला. शेवटीं बंधूंचा धीर सुटला. ते म्हणाले, "बाळ, जी वस्तु दोनशें रुपयांत पेठेंत मिळते तिच्यापायीं तूं सबंध सुट्टी घालविलीस. एवढ्या दिवसांत बँकेच्या परीक्षेचा अभ्यास पुरा झाला असता." मुलगी कांहीं बोलली नाहीं. आमच्याकडे वळून बंधु म्हणाले, "तुम्हीच सांगा आतां." आम्हीं उत्तर दिलें, कीं प्रकरण समजून घेतल्याशिवाय निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. तेव्हां ती आम्हांस घेऊन गच्चीवर गेली, आणि पुढील दोन घटका आम्ही शिष्य झालों.

प्रथम तिनें तबकडी दाखविली. तबकडीचें तोंड आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंश वर. त्या दिशेस विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. नोव्हेंबर २०१५ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील कूरू येथून त्याचें उड्डाण झालें. पृथ्वी स्वतःभोंवतीं जितक्या वेळांत फिरते तितक्याच वेळांत तोही एक प्रदक्षिणा घालतो, म्हणून तो आपल्याला एका जागीं ठाकल्यासारखा भासतो. सेलूच्या गच्चीपासून त्याचें अंतर सुमारें ३६,५०० किलोमीटर. तेथून निघालेली लहर येथें पोहोंचावयास सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. इतका प्रवास करून ती येते तेव्हां तिच्यांत उरतें काय? एक वॅट शक्तीचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एखाद-दुसरा भाग या दोन फुटी तबकडीच्या वाट्यास येतो. एवढ्याशा भांडवलावर चार खोल्यांचा संसार चालावयाचा!

तबकडीच्या समोर दांडीवर जो पांढरा ठोकळा असतो, त्याला व्यवहारांत एलएनबी म्हणतात. त्याचीं कामें दोन. आलेली क्षीण लहर लाखांच्या पटींत वाढवावयाची, हें पहिलें. दुसरें असें, कीं लहरीची कंपनसंख्या सेकंदास अकराशें कोटींच्या घरांत असते, आणि इतक्या कंपनांची लहर साध्या केबलींतून खालीं उतरेपर्यंत जिरून जाते. म्हणून ठोकळ्यांतच ती कंपनसंख्या उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या टप्प्यांत आणतात. मग ती केबलींतून खोलींतल्या पेटीपर्यंत येते. त्याच केबलींतून उलट दिशेस पेटी दोन गोष्टी वर पाठवीत असते : एक, ठोकळ्यास लागणारी वीज, आणि दुसरी, हुकूम. वीज १३ व्होल्टची पाठविली तर उभ्या कंपनाच्या लहरी हव्यात असा अर्थ, १८ व्होल्टची पाठविली तर आडव्या कंपनाच्या. त्यावर सेकंदास २२ हजार कंपनांचा एक बारीक सूर चढविला, तर तो दुसरा हुकूम. कोठें त्यानें दोन कंपनपट्ट्यांपैकी एक निवडतात, तर या वाड्यांत त्यानें दोन तबकड्यांपैकी एक निवडली जाते. सूर आला, कीं सांधा दुसऱ्या तबकडीकडे वळावा. सूर थांबला, कीं पहिलीकडे. सामायिक आड एकच, पण प्रत्येकानें आपल्या पोहऱ्यानें पाणी शेंदावें, तसा हा प्रकार आहे.

येथें आम्हीं एक शंका काढली. सांधा ठोकळ्याच्या खालीं, केबलीवर कां? वर, अगदीं तोंडाशींच कां बसवूं नये? मुलगी हंसली आणि म्हणाली, "काका, बियाण्यांतली मूठ आणि राशींतली मूठ सारखी आहे का?" हा प्रश्न दुधनेकांठच्या मुलीलाच सुचावा! पेरणीच्या आधीं बियाण्यांतून मूठभर ज्वारी काढली तर हंगामांत पायलीची तूट येते. खळ्यांतल्या राशींतून तीच मूठ काढली तर कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. कोणताही सांधा म्हटला, कीं तो जाणाऱ्या लहरींतून थोडा जकातीचा हिस्सा घेतोच. हा हिस्सा लहर वाढविण्यापूर्वीं घेतला गेला, तर घात होतो. नंतर घेतला गेला, तर चालून जातें.

त्यांतही एक मेख आहे. सांधा नुसती शक्ति खाऊन गप्प बसत नाहीं. तो स्वतःची खरखर तीत मिसळतो. जी वस्तु लहर शोषते ती आपल्या उष्णतेच्या मानानें थोडी खरखर बाहेरही टाकते, असा निसर्गाचा नियमच आहे. हिशेब असा : एलएनबीच्या पहिल्या वर्धकाची खरखर साधारण ६० अंश केल्व्हिन इतक्या तापमानाची धरतात. त्याच्या आधीं अर्ध्या डेसिबलची जकात घेणारा सांधा बसविला, तर शक्ति शेंकडा अकरा कमी होईल, आणि वर ३५ अंशांची खरखर पदरांत पडेल. निरभ्र दिवशीं हें खपेल. पण पावसाची सर आली, कीं अकराशें कोटी कंपनांच्या लहरीस पाण्याचे थेंब गिळूं लागतात, आणि मग हाच अर्धा डेसिबल चित्र आणि काळोख यांच्यामधली सीमा ठरतो.

म्हणून जाणत्या कारागिरांनीं एक युक्ति योजिली आहे. एलएनबीच्या तोंडाशीं उभ्या आणि आडव्या लहरींसाठीं दोन निरनिराळे ग्राहक असतात, आणि प्रत्येकाचा पहिला ट्रान्झिस्टर स्वतंत्र असतो. १३ किंवा १८ व्होल्टचा हुकूम आला, कीं दार उघडझांप करण्याऐवजीं ज्या ट्रान्झिस्टरचें काम नाहीं त्याची वीजच काढून घेतात. दोन खोल्यांच्या मधलें दार न लावतां एका खोलींतला दिवा मालवावा, तसें. दार नाहीं, म्हणून जकातही नाहीं.

हाच विचार कितीतरी मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर वाचकांनीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. तेथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागीं जवळजवळ, आणि उरलेल्या १६ तीन दिशांस लांबवर पसरलेल्या. या तबकड्या उपग्रहाचे कार्यक्रम ऐकत नाहींत. दूरच्या आकाशगंगांतील वायूचा आणि विझलेल्या ताऱ्यांचा आवाज ऐकतात, आणि तो आवाज आपल्या गच्चीवरच्या लहरीहून कितीतरी क्षीण असतो. तेथेंही कोणती कंपनपट्टी घ्यावी, दोन प्रकारच्या लहरींच्या वाटांची अदलाबदल करावी का, सूर्याकडे तोंड केल्यास त्याचा दणका किती सौम्य करावा, हें ठरविणारे सांधे आहेत. आणि तेही पहिल्या वर्धकाच्या मागच्या पेटींत ठेवलेले आहेत. बियाण्याला हात न लावण्याचा नियम सेलूच्या गच्चीवर आणि खोडदच्या माळावर एकच आहे.

आतां मुख्य वस्तूकडे वळूं. तांदुळाच्या दाण्याएवढा हा सांधा असतो तरी कसा? पूर्वीं लहान विद्युच्चुंबकानें खरोखरीचें धातूचें पातें हलवीत, आणि आजही जेथें जागा आहे आणि घाई नाहीं तेथें तसे सांधे वापरतात. पण पातें झिजतें, खटखटतें आणि जागा अडवितें. म्हणून हलणारा भाग नसलेला सांधा आला. त्याचें नांव पिन डायोड. १९५० सालीं जपानचे जुनइचि निशिझावा आणि त्यांचे सहकारी यांनीं ही रचना सुचविली. सिलिकॉनच्या दोन थरांच्या मध्यें अगदीं शुद्ध सिलिकॉनचा एक जाडसर थर ठेवावयाचा, एवढीच तिच्यांतली मख्खी. सरळ दिशेनें कांहीं मिलिअँपिअर प्रवाह सोडला, कीं मधला थर विद्युत्कणांनीं भरून जातो आणि सबंध डायोड जणुं एक ओहमाची तार बनतो; लहर सुखानें पलीकडे जाते. प्रवाह काढून घेतला, कीं थर रिकामा होतो आणि वाट बंद पडते.

"बंद पडते" असें आम्हीं म्हटलें खरें. पण सगळी गोम येथेंच आहे. रिकामा थर म्हणजे दोन पत्र्यांमधली फट. स्थिर विजेला ती फट ओलांडतां येत नाहीं. पण सेकंदास शेंकडों कोटी वेळां दिशा बदलणारी लहर अशा फटींतून पाझरतेच. आणि कंपनें जितकीं अधिक, तितका पाझर अधिक.

मुलीनें वहीवर आंकडे मांडून दाखविले, ते आम्ही जसेच्या तसे देतों. आंकड्यांस कंटाळणाऱ्या भगिनींनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, वीस म्हणजे शंभरावा, तीस म्हणजे हजारावा. केबल ७५ ओहमांची. डायोड उघडा असतां त्याचा रोध एक ओहम धरला, तर जकात शेंकडा दीडही नाहीं. म्हणजे वाट उत्तम. आतां तोच डायोड बंद असतां त्याची धारकता एका पिकोफॅरडचा पांचवा हिस्सा धरली, तर ९५० मेगाहर्ट्झला पाझर सुमारें बत्तिसावा हिस्सा, आणि २१५० मेगाहर्ट्झला जवळजवळ सातवा हिस्सा! म्हणजे पट्टीच्या वरच्या टोंकाशीं शेजारच्या तबकडीचा कार्यक्रम सातव्या हिश्श्यानें आपल्यांत मिसळणार. तिनें फोडलेल्या डबींत प्रत्येक वाटेवर असा एकेकटाच डायोड होता. माडीवर कांहींच कार्यक्रम कां फुटत आणि बाकीचे कां नीट दिसत, याचें कोडें तेथें उलगडलें. जे कार्यक्रम पट्टीच्या वरच्या टोंकाशीं होते, तेच पाझरानें बिघडत होते.

यावर उपाय दोन. पुस्तकी उपाय असा, कीं लहरीच्या लांबीच्या चौथाई इतकी पट्टी घ्यावी आणि तिच्या टोंकाशीं डायोड जमिनीस जोडावा. तो डायोड उघडला, कीं पट्टीच्या अलीकडच्या तोंडाला भिंत उभी राहिल्यासारखें होतें. युक्ति मोठी सुंदर आहे. अकराशें कोटी कंपनांस ही चौथाई लांबी पाऊण सेंटिमीटर, आणि छापील पाटीवर त्याहूनही कमी. म्हणून तेथें ती शोभते. पण केबलींतून येणाऱ्या दीडशें कोटी कंपनांस तीच लांबी पांच सेंटिमीटर होते. पाटीवर दाबून बसविली तरी तीनच्या जवळ. आठ वाटांना आठ पट्ट्या म्हणजे पाटीचा पाट व्हावयाचा! शिवाय ही भिंत एकाच कंपनसंख्येस नेमकी उभी राहते, आणि आपली पट्टी तर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दुपटीहून अधिक पसरलेली. तेव्हां हा उपाय गेला. मुलीनें पहिल्या महिन्यांत याच वाटेनें जाऊन एक पाटी वायां घालविली होती, ही गोष्ट तिनें स्वतःच सांगितली.

दुसरा उपाय साधा, पण करण्यास नाजूक. प्रत्येक वाटेवर एक डायोड आडवा, आणि त्याच्या पलीकडे दुसरा डायोड जमिनीकडे. वाट उघडी ठेवावयाची तेव्हां पहिला उघडा, दुसरा बंद. वाट बंद करावयाची तेव्हां पहिला बंद, आणि दुसरा उघडा. म्हणजे पहिल्याच्या फटींतून जें पाझरेल तें पुढें न जातां जमिनींत उतरेल. उंबऱ्यावर दार, आणि दाराखालून आलेल्या पाण्यासाठीं न्हाणीची मोरी, अशी ही योजना. कागदावरचा हिशेब असा, कीं २१५० मेगाहर्ट्झला सातव्या हिश्श्याचा पाझर एकदम छत्तीस हजारावा होतो.

पण कागद तो कागद. मोरीचें पाणी बाहेर जावयाचें, तर मोरी गटारापर्यंत नीट पोहोंचली पाहिजे. डायोडपासून जमिनीच्या पत्र्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरची जरी तार असली, तरी इतक्या कंपनांस ती तार म्हणजे चार ओहमांचा अडथळा होते, आणि छत्तीस हजारावा पाझर दोन हजारावर येतो. नेहमीच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पाटीला भोंक पाडून तळाशीं नेलें, तर याहूनही वाईट. म्हणून पातळ पाटी घ्यावयाची, एका भोंकाऐवजीं तीन-चार भोंकें शेजारीं शेजारीं पाडावयाचीं, आणि डायोड त्यांना अगदीं खेटून ठेवावयाचा. आटोपशीरपणाचा खरा अर्थ येथें आमच्या ध्यानांत आला. यंत्र लहान करावयाचें तें खिशांत मावावें एवढ्याचसाठीं नव्हे. या कंपनांच्या जगांत प्रत्येक मिलिमीटर हा एक अडथळाच असतो, म्हणून लहान करावयाचें.

मात्र येथेंही एक पेंच आहे. वाटा एकमेकींच्या जवळ आल्या, कीं डायोड कितीही चांगले असोत, लहर हवेंतूनच एका वाटेवरून दुसरीवर उडी मारते. म्हणजे जमिनीशीं जवळीक हवी, शेजाऱ्याशीं नको! त्यासाठीं दोन वाटांच्या मधोमध जमिनीस जोडलेल्या भोंकांची रांग कुंपणासारखी काढावयाची, आणि वरून पत्र्याची डबी उलटी घालावयाची. शिवाय डायोडांना हुकमाचा प्रवाह पोहोंचविणाऱ्या तारांतून लहर निसटूं नये म्हणून लहान वेटोळीं, आणि प्रवाह केबलींत शिरूं नये म्हणून लहान धारक. सांधा दाण्याएवढा, पण त्याचा हा लवाजमाच अधिक जागा खातो. हा लवाजमा टाळण्यासाठीं गॅलिअम आर्सेनाइडच्या एकाच चकतीवर सगळे सांधे कोरण्याची कला आहे. अशा सांध्यांस वाट उघडी ठेवण्यासाठीं सतत प्रवाह लागत नाहीं. केवळ दाब पुरतो. अशा चकत्या करणारी आपल्या देशाची संस्था हैदराबादेस आहे, आणि आपल्या उपग्रहांसाठींही तेथें चकत्या झालेल्या आहेत. सेलूच्या स्थानकावर जी गाडी आम्हीं पाहिली, तीच त्या गांवाकडे जाते! हें सांगतांना मुलीच्या डोळ्यांत जें दिसलें, तें बंधूंच्या नजरेस पडावें अशी आमची फार इच्छा होती. पण ते खालीं ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं परीक्षा ठरली. तिची दुसरी पाटी, पानसुपारीच्या डबीएवढी, जिन्यांतल्या कोनाड्यांत बसविली. दोन तबकड्यांच्या केबली आंत, चार खोल्यांच्या बाहेर. प्रत्येक तबकडीची लहर चौघांत वांटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चौथाईहून किंचित् कमी येते. पण ही राशींतली वांटणी, बियाण्यांतली नव्हे, म्हणून तिची चिंता नव्हती. आजींच्या संचावर पहिली तबकडी, माडीवर दुसरी, चित्र स्वच्छ. मग उलटापालट केली, चित्र स्वच्छ. मुलांनीं आरडाओरडा केला. तितक्यांत मागच्या खोलींतून वहिनींची हांक आली, "माझ्याकडे पुन्हां तुकडे पडताहेत!"

मुलीचा चेहरा उतरला. बंधु कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं चष्मा काढून पुसला, आणि आम्हांस त्याचा अर्थ कळला. अर्धा तास ती वही घेऊन बसली. पाटीवर त्या वाटेचा आणि इतर वाटांचा नकाशा सारखाच होता. तेव्हां दोष नकाशांत नाहीं, एवढें ठरलें. मग तिनें त्या खोलीच्या केबलीचें टोंक उलगडलें. जोडाच्या धातूच्या कड्याखालीं बाहेरची जाळीदार वेणी नीट दाबली गेलेली नव्हती; चार केंस इकडे, चार तिकडे. मधली तार शाबूत होती, म्हणून चित्र येत होतें. पण वेणी ढिली, म्हणजे तिकडचें कुंपण मोडलें, आणि शेजारच्या केबलीची लहर तेथून आंत शिरत होती. पाटीवर दोन हजारावा हिस्सा राखण्यासाठीं दोन महिने खर्चिले, आणि घात केला तो केंसभर तारांनीं! ते टोंक तें तिचेंच, घाईघाईनें बसविलेलें. तिनें तें कापून नवें बसविलें. चित्र स्वच्छ झालें.

रात्रीं जेवणें झाल्यावर बंधूंनीं आम्हांस पुन्हां विचारलें, "मग काय निकाल?" आम्हीं सांगितलें तें येथें नमूद करून हा लेख पुरा करतों.

दोनशें रुपयांची डबी पेठेंत मिळते, हें बंधूंचें म्हणणें खरें आहे, आणि मुलीनें केलेली डबी त्याहून स्वस्त पडलेली नाहीं, हेंही खरें. केवळ डबीचा हिशेब मांडला, तर ही सुट्टी तोट्याची. परंतु विकत आणलेली डबी बिघडली तेव्हां या वाड्यांत ती कां बिघडली हें सांगणारा कोणी नव्हता. आपण तिला दैव म्हणून सोडून दिलें, आणि ढगांस दोष दिला. आज या घरांत एक माणूस असें आहे, कीं जें दोषाचा माग काढीत काढीत डायोडाच्या फटीपर्यंत आणि वेणीच्या केंसापर्यंत जाऊं शकतें. आणि दोष आपला निघाला तर तसें बोलून दाखवितें. दूरचित्रवाणींत, दूरध्वनींत, रेल्वेच्या दळणवळणांत, उपग्रहांत, जेथें जेथें लहर एका वाटेवरून दुसरीवर न्यावयाची तेथें तेथें असे सांधे लागतात. ते करणारे हात आपल्या घरांतून निघावे, कीं आपण जन्मभर दुसऱ्याच्या पेठेंतून डब्याच आणीत राहावें, हा प्रश्न आमच्या मतें बँकेच्या परीक्षेहून लहान नाहीं. मात्र बंधूंची काळजीही आम्ही लहान मानीत नाहीं. तीन भावांच्या घरांत एक स्थिर मिळकत म्हणजे काय, हें त्यांनीं अनुभवलेलें आहे, आणि डाख देण्याच्या धुरावर पोट भरत नाहीं.

बंधु बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत ती खोली तिला राहूं द्या. परीक्षेचा अर्ज मात्र मी भरणार." मुलीनें मान हालविली. आजींनीं एवढेंच विचारलें, कीं सकाळीं कीर्तन लागेल ना?

लागलें. दुसऱ्या दिवशीं पहाटेपासून पावसाची झड लागली होती. आम्ही निघालों तेव्हां बंधु छत्री घेऊन स्थानकावर पोहोंचवावयास आले होते. गाडी येण्यास अवकाश होता. रुळांकडे पाहात त्यांनीं एकाएकीं विचारलें, "हैदराबादेंतल्या त्या संस्थेंत मुलींना घेतात का हो?" आम्हीं सांगितलें, कीं चौकशी करून पत्र लिहूं. तें पत्र काल टपालांत टाकलें आहे.